बाहेरून लावलेली कडी

शेतात धानाच्या रोवणीला निघताना इंदुताईनं दाराला बाहेरून कडी घातली आणि खिडकीशी येऊन लेकीला म्हणाली, "दोन तासांत येतो मी. पडून राह्य. उगा उठबस करू नोको."

तीन महिने नूतन पडूनच होती. चिमूर तालुक्यात चढाई करावी तर नूतन रामटेकेनं, असं लोक म्हणायचे. बावीस वर्षांची पोर. वरोऱ्याच्या कबड्डी सामन्यात चढाईला गेली, समोरच्या मुलीनं घोटा धरला आणि नूतन मॅटवर कोसळली ती हललीच नाही. हृदय थांबलं होतं. एका शिक्षिकेनं तिची छाती दाबत ठेवली म्हणून ती वाचली. हृदयाचा स्नायू जन्मापासूनच जाड, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली एक लहानसं यंत्र बसवलं. ठोके बिघडले की ते आतून झटका देणार. "चाल, फिर," डॉक्टर म्हणाले, "पण कबड्डी आता नाही."

चालण्या-फिरण्याचं इंदुताईच्या कानात शिरलंच नाही. भरलेली बादली नको, अंगण झाडणं नको, न्हाणीचं दार आतून लावणं नको. नूतनलाही आता स्वतःच्याच अंगाचा भरवसा उरला नव्हता. बसल्या बसल्या ती मनगट धरून ठोके मोजायची. एखादा चुकल्यासारखा वाटला की झटक्याची वाट बघत अंग आवळून घ्यायची.

"नूतन इथीच राहते का?"

खिडकीच्या गजांबाहेर एक उंच मुलगी उभी होती. नूतननं तिला लगेच ओळखलं. सामन्याचा तो व्हिडिओ साऱ्या गावाच्या मोबाइलवर फिरला होता. घोटा धरणारी मुलगी हीच.

"मी मयुरी," ती म्हणाली. "भामरागडची. दोन दिवस लागले यायले, रस्ता बंद होता." मग गजाला धरून एकदम बोलून गेली, "तुले मी मारलं असं म्हणतात सारे. मी खेळणं सोडलं."

"येडी हायेस का? हे जन्माचंच होतं. तू नसती धरली तरी पडलीच असती मी."

मयुरी रडायला लागली. नूतन गजाआडून बघत राहिली. तिच्यासाठी आलेल्या पाहुणीला साधं आत ये असंही म्हणता येत नव्हतं.

"कडी काढ ना," ती म्हणाली.

मयुरी दाराशी गेली. पण कडी वाजली नाही.

"काऊन थांबली?"

"बाहेर तुले काही झालं तर? पुन्हा माह्याच हातून?"

नूतनच्या तोंडून तीन महिन्यांचं दाबलेलं बाहेर पडलं, "आन् आतमंधी झालं तर? कडी लावलेल्या घरात कोन येईन मले उचलायले?"

कडी निघाली. नूतन उंबऱ्याबाहेर आली. ती हातपंपापर्यंत चालली, ठोके न मोजता. मयुरी दोन पावलं मागे, हात पुढे धरून, जशी पकडीला उभी राहायची तशीच.

तेवढ्यात चिखलानं भरलेल्या पायांनी इंदुताई परतली. मोकळं दार, पंपाशी लेक. ती जागीच खाली बसली.

"मायबाई, मी काय करू वं? कामावर जाऊ का तुले पाहत बसू?"

"छाती दाबायची कशी ते शिकून घे, माय," नूतन म्हणाली. "कडी लावून मी नाई वाचत."

मयुरीनं गोधडीची वळकटी करून अंगणात ठेवली आणि इंदुताईचे हात धरून दाखवलं. सामन्यानंतर ती स्वतः त्या शिक्षिकेकडे जाऊन शिकून आली होती. इंदुताई रडत रडत दाबत राहिली.

पुढच्या महिन्यात मयुरी पुन्हा मैदानात उतरली. इंदुताई कडी लावत नाही आता, पण रोवणी सोडून ती दारात बसते, आणि नूतन उठली की तीही उठते. दोघी हातपंपापर्यंत जातात. तिथून पुढे मैदानाची वाट आहे. तिकडे नूतननं पाऊल टाकलं की इंदुताई तिचा हात धरते, आणि नूतन मुकाट्यानं वळते.