जीनच्या बंबाची केस

गावाचं नाव मी सांगणार नाही. गोदावरीच्या काठाला आहे, परभणी जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की कुणीतरी उठून म्हणतो, आमच्या गावात असलं काही झालंच नाही, आणि मग माझं डोकं फिरतं.

मी लिंबाजी. मिलिटरीच्या वर्कशॉपात अकरा वर्षं इंजिनं खोलली आणि पंच्याहत्तर साली गावी परत आलो. आमची वस्ती गावाबाहेर, नाल्याच्या कडेला. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो, पण गावाच्या तोंडातला जुना शब्द काही गेला नाही. माझ्या हातात पाना आला की मात्र गाव सगळं विसरायचं. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, लिंबाजीला बोलवा. पिठाची गिरणी थांबली, लिंबाजीला बोलवा. इंजिन सुरू झालं की पाणी वरून ओंजळीत ओतायचे. गरज सरो नि वैद्य मरो.

निजामाच्या काळात गावात कापसातून सरकी काढायचा जीन होता. कापसाच्या गठाणी पेटतात म्हणून जीनच्या मालकानं विलायतेहून आगीचा बंब मागवला होता. भलं मोठं धूड. तांबडा रंग, पितळेची घंटा, पुढं माझ्या छातीपर्यंत येणारं रेडिएटर, मागं पाणी फेकायचा पंप. पुढं जीन बुडाला, मालक हैदराबादला गेला, बंब नगरपालिकेकडं आला आणि पंचवीस वर्षं शेडात पडून राहिला. कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नगरपालिकेचे अध्यक्ष भगवानराव यांच्या मनात आलं की पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीत हा बंब चालवायचा. बाहेरून आणलेल्या दोन मिस्त्र्यांनी हात टेकले, तेव्हा मला बोलावणं आलं.

चारही पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटले होते. मी त्यात घासलेट आणि डिझेल ओतून पंधरा दिवस तसंच मुरू दिलं. मग वर लाकडाचा ठोकळा ठेवून घणाचे ठोके. तीन निघाले, चौथा निघेना. त्याला मी अशा शिव्या दिल्या की शेडाबाहेर पाणी भरणाऱ्या बाया उठून गेल्या. आठव्या दिवशी तो बोटभर सरकला तेव्हा मी त्या लोखंडाला कपाळ लावून बसलो. इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो घरी आणून चुलीजवळ वाळवला. त्यावरून सुमननं, माझ्या बायकोनं, माझा उद्धार केला. पाणी गळू नये म्हणून पंपाच्या दांड्याभोवती सुताची दोरी चरबीत भिजवून मीच गुंडाळली. त्या इंजिनात माझा जीव गुंतला होता. हे आधीच सांगतो, कारण पुढं सरकारी वकिलानं भर कोर्टात मला विचारलं की या वस्तूची तुला काही किंमत होती का.

जुलैच्या मध्यावर इंजिन चालू करायचा दिवस ठरला. भगवानरावांच्या भावकीतला बन्सीधर नगरपालिकेचा ड्रायव्हर. नारळ त्यानं फोडला, हार त्यानं घातला, हँडल मारायचा मानही त्यालाच. मी कडेला उभा. असल्या जुन्या इंजिनाचं हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. मुठीत वळवला की इंजिनाच्या उलट्या झटक्यानं मोडतो.

"बन्सीधरभाऊ, अंगठा मुठीत घेऊ नका," मी म्हणालो. "लय वंगाळ झटका देतंय."

"हँडल कसं धरायचं ते तू मला शिकवायलास?" तो म्हणाला. "हो तिकडं."

त्यानं अंगठा मुद्दाम गच्च वळवला. मी सांगितलं म्हणूनच वळवला, हे मी देवाशप्पथ सांगितलं असतं, पण आमच्यात देव नाही. झटका बसला, बन्सीधर चिखलात उताणा पडला आणि अख्खा गाव हसला. मीही हसलो. नसतो हसलो तर बरं झालं असतं. मग भगवानरावांनी मला खूण केली आणि दुसऱ्या फेऱ्यात इंजिन धडधडलं. त्या आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बन्सीधर अंगठा धरून माझ्याकडं बघत होता.

पंधरा दिवसांत मुंबईला ठराव झाला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा. आम्ही वस्तीत गूळ वाटला. गावानं दुकानं बंद केली. दोन दिवस आमच्या बायकांना कुणी दळण दळून दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेडात बंबाच्या पंपाला ग्रीस भरत होतो, तेव्हा आमच्या वस्तीतले सिताराम गुरुजी पळत आले. गुरुजी शाळेत शिकवायचे, कितीही घाई असली तरी रस्त्यानं कधी न पळणारा माणूस. त्यांचं डोकं फुटलं होतं आणि सदरा रक्तानं अंगाला चिकटला होता.

"लिंबाजी, वस्ती पेटवली," ते म्हणाले. "दोनशे-तीनशे माणूस हाय. सरजाकाकू घरातच हायेत."

सरजाबाई म्हणजे माझी माय. जेठात पाय घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ती बाजेवरून हलू शकत नव्हती, आणि आमचं घर सगळ्यात टोकाला.

मी हँडल उचललं. समोर नगरपालिकेच्या ओट्यावर भगवानराव उभे होते. धूर त्यांनाही दिसत होता.

"मालक, बंब न्यायलोय," मी म्हणालो.

"बंब मिरवणुकीचा हाय, लिंबाजी. तसा नेता येत न्हाई. अर्ज लागतो, ठराव लागतो."

मी हँडल इंजिनात घातलं. बोलत बसलो असतो तर ते त्यांच्याच टाळक्यात बसलं असतं. एका फेऱ्यात इंजिन सुरू झालं. गुरुजी वर चढले आणि मी तो बंब बाजारातून असा पळवला की लोक गटारात उड्या मारत होते.

वस्तीच्या तोंडाशी चांगुणाबाईच्या शेळ्या दाव्याला बांधल्या तशाच जळत होत्या. त्यांचं ओरडणं अजून माझ्या कानातून जात नाही. पावसानं आठ दिवस ओढ दिली होती, छपरं वाळली होती, एकावरून दुसऱ्यावर जाळ सरळ चालत जात होता. म्हातारा तात्याराव, ज्यानं छप्पन साली माझ्या बापाबरोबर दीक्षा घेतली, त्याला चौघे पायांनी धरून ओढत होते आणि पाचवा काठीनं हाणत होता. पोरंबाळं घेऊन बाया नाल्यात उतरल्या होत्या, वरून त्यांच्यावर दगड. आणि घासलेटचे डबे कुणाच्या हातात होते? ज्यांच्या विहिरीवरची इंजिनं मी दुरुस्त केली, त्यांच्याच. मला बघून दोघांनी माना खाली घातल्या, पण डबे ठेवले नाहीत.

मी बंब थेट गर्दीत घातला. माणसं बाजूला झाली. जे झाले नाहीत ते मडगार्डानं झाले. नाल्याच्या कडेला थांबून मी पाणी ओढायचा जाड पाइप खाली सोडला, पंप जोडला. गुरुजींनी फवाऱ्याचं तोंड बगलेत धरलं. पंपानं दोनदा उचकी दिली आणि पाणी आलं. अंगठ्याएवढी धार चाळीस हात गेली. गुरुजी मागं रेटले गेले, पण धार त्यांनी सोडली नाही.

"आधी आमचं घर, गुरुजी," मी ओरडलो. "टोकाचं घर."

सुमन मला तिथंच दिसली. नाल्यातून वर आली होती. तिनं गोधडी पाण्यात बुडवली, डोक्यावर घेतली आणि माझ्याकडं न बघता आमच्या घरात शिरली. छप्पर पेटलेलं होतं. गुरुजींनी धार दारावर धरली. ती धार होती तोवर सुमन आत जिवंत राहणार होती, आणि माय पण. एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात पहार घेतलेल्या एकानं रेडिएटर फोडलं. मुठीएवढं भोक पडलं आणि पाणी भळाभळा वाहून गेलं. आणि दुसऱ्या अंगानं बन्सीधर कुऱ्हाड घेऊन आला. अंगठ्याला अजून चिंधी बांधलेली. माझ्याकडं तो आला नाही. तो पाण्याच्या कापडी पाइपाकडं गेला. पाइप तोडला की काम झालं, हे त्याला ठाऊक होतं, शेवटी ड्रायव्हरच तो.

त्यानं कुऱ्हाड उगारली आणि मी हँडल घातलं. कोपराच्या खाली बसलं. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि त्याचा हात भलत्याच जागी वाकला. कुऱ्हाड पडली. तो खाली बसला आणि आईला हाका मारायला लागला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लय बरं वाटलं. त्याला अजून एक घालावं असंही वाटलं, पण इंजिनाचा आवाज बदलला होता.

पाण्यावाचून इंजिन तापत चाललं होतं. आधी वास येतो, मग आवाज जड होतो, मग आतून ठोका सुरू होतो. मला एकेक पायरी पाठ होती. थ्रॉटल सोडलं असतं, इंजिन थांबलं असतं, वाचलं असतं. चार महिने ज्याला घासून पुसून जिवंत केलं, ते माझ्या हाताखाली मरत होतं आणि मी थ्रॉटल दाबून धरलं होतं. लोखंड इतकं तापलं की माझ्या तळव्याची कातडी त्याला चिकटली. पाठीत दगड बसत होते. ठोका वाढला. मी इंजिनाशी बोलत होतो, दम धर म्हणत होतो, मायसारखं चुचकारत होतो.

सुमन पाठमोरी बाहेर आली. गोधडीवर मायला घालून ती ओढत होती. दोघी उंबऱ्याबाहेर आल्या आणि मागं छप्पर बसलं. त्यानंतर मोजून दहा-बारा फेरे इंजिन चाललं असेल. मग आतला रॉड सुटला, इंजिनाची कूस फोडून बाहेर आला आणि माझ्या पायाशी पडला. धार खाली बसली. एकाएकी इतकं शांत झालं की जळणाऱ्या लाकडांचा आवाज ऐकू यायला लागला.

सव्वीस घरांपैकी सतरा जळाली. म्हातारा तात्याराव तिथंच गेला. मायला परभणीच्या दवाखान्यात नेलं. पाठ आणि पाय भाजले होते. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "लिंबाजी, तुझं इंजिन चाललं का रे?"

"चाललं, माय."

"गावच्या लोकांनी बघितलं का?"

"सगळ्यांनी बघितलं."

चौथ्या दिवशी ती गेली.

जाळपोळीच्या केसमध्ये अकरा नावं होती, पहिलं बन्सीधरचं. अकराही जण त्या दुपारी गावात नव्हते म्हणे. कुणी सोनपेठच्या बाजाराला, कुणी राणीसावरगावला लग्नाला. श्रावण तोंडावर आलेला, कुणाचं लग्न लागत होतं कुणास ठाऊक. गावातला एक माणूस साक्षीला उभा राहिला नाही, आणि आमची साक्ष म्हणजे वैरातून दिलेली साक्ष. माझी केस वेगळी. नगरपालिकेचा बंब विनापरवाना नेला आणि जाणूनबुजून फोडला. ती आधी उभी राहिली. सरकारी मालमत्तेला न्याय लवकर मिळतो.

माझ्याविरुद्ध साक्षीदार होता बन्सीधर. बंब चालू स्थितीत होता, हे सांगायला त्याला आणला होता. हात कोपराखाली वाकडाच जुळला होता.

"त्या दिवशी तुम्ही कुठं होता?" सरकारी वकिलानं विचारलं.

"पेडगावला, सासुरवाडीला," बन्सीधर म्हणाला. "बंब शेडात लावून सकाळीच गेलो."

"हाताला काय झालं?"

"तितंच बैलगाडीवरून पडलो."

आता मला कळलं की हात मोडल्याची फिर्याद त्यानं का दिली नव्हती. हात वस्तीत मोडला असं म्हणायचं, तर वस्तीत काय करत होतास, हेही सांगावं लागलं असतं. माझा वकील खूश होता. बंबाच्या गुन्ह्यात दंडावर सुटशील, दुसरी काही केस तुझ्यावर नाही, तोंड मिटून उभा राहा, असं त्यानं मला तीनदा बजावलं होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "बंब तुम्हीच नेला का?"

"हो साहेब."

"इंजिन तुम्हीच फोडलं?"

"हो. बंद केलं असतं तर वाचलं असतं. मी केलं न्हाई. त्याचं मला लय वाईट वाटतंय."

"आणखी काही सांगायचं आहे?"

वकिलानं मागून माझा सदरा ओढला. सुमन भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली. आदल्या दिवशी घरी आमचं यावर बोलणं झालं होतं. दोन वर्षं, तीन वर्षं, जेवढी होतील तेवढी होऊ द्या, ती म्हणाली होती.

"साहेब," मी म्हणालो, "बन्सीधरचा हातबी मीच मोडला. बैलगाडी खोटी हाय. कुऱ्हाड घेऊन तो पाइप तोडाया आला होता आणि माझी माय आत जळत होती. हाडाच्या डाक्टरला बोलवा, मार हँडलचाच निघंल. तो गुन्हाबी माझ्यावर लिहा, आणि तो वस्तीत होता हेबी लिहा."

बन्सीधरनं हात पाठीमागं नेला. न्यायाधीशांनी त्याच्याकडं बघितलं, मग कागद पुढं ओढला.

"तो नेमका कुठं उभा होता?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगायला लागलो.