नमुन्याचं पुस्तक

बाइंडरला माणसं वाचता येत, निदान तो स्वतः तरी तसं सांगत असे. त्यासाठी माणसाचं तोंड बघायची त्याला गरज नव्हती. त्याचं पुस्तक हातात आलं की काम झालं. चर्चमधल्या मंडळींची शास्त्रं, म्हणजे बायबलं, दुरुस्तीला त्याच्याकडेच येत, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्याला कडेवरून अंगठा फिरवताच कळे, की कुठली पानं उघडली जातात आणि कुठली छापखान्यातून निघाल्यापासून झोपून आहेत. वाचलेल्या पानांची कड मळते, जराशी फुगते. न वाचलेली पानं अंग चोरून बसतात.

हे ज्ञान त्यानं पोटात ठेवलं असतं तर एव्हाना संतपदाला पोचला असता. पण जेवायला बसला की त्याच्या पोटात अन्नाखेरीज काही टिकत नसे.

"गाण्याच्या मास्तरांचं आलंय आज," पहिल्याच घासाला तो बायकोला म्हणाला. "पहिली चाळीस पानं मळलेली, पुढे सगळं कोरं करकरीत. दर जानेवारीत नव्यानं सुरुवात करत असणार आणि फेब्रुवारीत दमत असणार."

"अजून वाढू का?" बायको म्हणाली.

"आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंचं बघायला हवं होतंस! बाहेरून चामड्याचं वेष्टन, त्याला चेन. आत काय? लग्नपत्रिका, लाँड्रीच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या. शास्त्र कसलं, कपाटाचा कप्पा आहे तो."

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"नाही, म्हटलं त्याच्या कडेवरून कधी अंगठा फिरवलात का?"

"माझं नमुन्याचं आहे," बाइंडर दुखावल्यासारखा म्हणाला, आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

नमुन्याचं होतं यात खोटं काही नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं ते हौसेनं बांधलं होतं. गडद लाल चामडं, पाठीवर उठावाच्या पाच रेघा, रेशमी फीत आणि तिन्ही बाजूंच्या कडांना सोनेरी वर्ख. दर रविवारी तो ते छातीशी असं धरून चर्चला जाई की कडा समोरून येणाऱ्याला दिसल्याच पाहिजेत. त्यामुळे गिऱ्हाइकं मिळत हे खरं, पण गिऱ्हाइकांपेक्षा जास्त मिळे ती वाहवा. "बाइंडरसाहेबांचं शास्त्र बघा!" असं कुणी म्हटलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे. वर्खाचा एक नखरा असतो. तो दिला की पानं कडेला एकमेकांना चिकटून राहतात. म्हणून सोनेरी काम करून घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बोट उगारून बजावत असे, "घरी गेल्यावर रोज थोडी थोडी पानं मोकळी करायची. हलक्या हातानं, एकेक. ते काम बाइंडरचं नाही, मालकाचं."

बायकोच्या शास्त्राला मात्र पुठ्ठाच नव्हता. तो कधीचाच गळून पडला होता, सुरुवातीची दोन-तीन पानंही त्याच्याबरोबर गेली होती. उरलेला गठ्ठा एका जुन्या नाडीनं बांधून मिठाची बरणी आणि घड्याळ यांच्या मधोमध ठेवलेला असे. त्यावर पिठाची बोटं होती, तेलाचे डाग होते, आणि एका कोपऱ्यावर गरम पातेलं टेकल्याची तपकिरी खूण होती. "पुढच्या आठवड्यात बांधून देतो," असं बाइंडर गेली सहा वर्षं म्हणत होता. आता तीही विचारायची थांबली होती.

त्या वर्षी बाइंडरला पंच व्हायचं होतं. व्हायचं होतं म्हणजे काय, त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. पाळकसाहेबांच्या मदतीला चर्चमध्ये पाच पंच असत, पुढच्या बाकावर बसत, आणि त्यातली एक जागा रिकामी झाली होती. त्याचं नाव सुचवलंही गेलं होतं. आता एकच पायरी उरली होती. रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब नाव वाचणार, "कुणाचा आक्षेप?" असं तीनदा विचारणार, आणि कुणी तोंड उघडलं नाही की माणूस पंच. आजवर कुणी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पण पेपर सोपा आहे म्हणून गप्प बसेल तो बाइंडर कसला? व्यासपीठावरचं मोठं शास्त्र त्याच्याकडे शिलाईला आलं होतं. सांगितलं होतं तेवढं करून त्यानं ते शुक्रवारी परत द्यायचं, तर यानं कुणी न सांगता त्याला नवं चामडं चढवलं, नव्या ठशानं क्रॉस उठवला. मंडळींनी तोंडात बोटं घातली पाहिजेत ना! परिणाम असा झाला की शनिवारी संध्याकाळी ते शिकंज्यात दाबून ठेवावं लागलं, आणि खळ सोमवारशिवाय वाळायचं नाव घेईना.

"मग उद्या पाळकसाहेब कशातून वाचणार?" बायकोनं विचारलं.

"त्यांचं स्वतःचं आहे की," असं म्हणून बाइंडरनं विषय झटकला.

रविवारी सकाळी तो कडक इस्त्रीच्या शर्टात दारात उभा होता. बायको नाडीचा गठ्ठा काखेत मारून आली तसा त्याचा चेहरा पडला.

"अगं, आज तरी ते नको. लोक काय म्हणतील? बाइंडरची बायको आणि..."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग गठ्ठ्याकडे पाहिलं. "थांबा जरा," म्हणून ती आत गेली, मिनिटभरानं रिकाम्या हातानं परत आली आणि चपला घालायला लागली. बाइंडरला हायसं वाटलं. माणसाला कधी कशानं हायसं वाटावं याला काही नियम नाही.

उपासना सुरू झाली. पहिलं गाणं आटोपलं आणि पाळकसाहेब व्यासपीठावर आले. त्यांचं स्वतःचं शास्त्र खिशात मावेल एवढं, त्यातली अक्षरं मुंगीएवढी. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. मंडळींत चुळबुळ झाली. मास्तरांनी आपलं शास्त्र पुढे करायला हात उचललाही होता, पण तोवर बाइंडर उठलेला होता.

"पाळकसाहेब, माझं घ्या. अक्षर मोठं आहे."

नऊ वर्षं तो जणू याच क्षणासाठी ते पुस्तक सांभाळत आला होता. दोन्ही हातांवर शास्त्र घेऊन तो मधल्या वाटेनं इतका सावकाश चालत गेला की एखाद्याला वाटावं, नवरदेवच येतोय. पाळकसाहेबांनी ते वाचनाच्या तिरप्या मांडणीवर ठेवलं. मांडणीच्या काठालाच माईक लावलेला होता.

पाळकसाहेबांनी वाचनाचा अध्याय सांगितला आणि पान उलटलं.

कर्रर्र.

कर्ण्यातून असा आवाज आला की मागच्या बाकावरचं तान्हं दचकून रडायला लागलं. पाळकसाहेब थबकले. आणखी दोन पानं उलटली. कर्रर्र, तड. कर्रर्र. त्या अख्ख्या चर्चमध्ये हा आवाज कशाचा हे ओळखणारा त्या घटकेला एकच माणूस होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

वायरमन धावत आला. चर्चचा माईक म्हणजे त्याच्या अब्रूचा प्रश्न. त्यानं वायर हलवली, माईकवर टिचकी मारली, मान डोलावली. पाळकसाहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि सगळं सुरळीत चाललं. बाइंडरचा जीव भांड्यात पडला. पण उपासनेत वाचनं तीन असतात, आणि तीही पुस्तकाच्या तीन टोकांना. दुसऱ्या वाचनाला तर सात-आठ पानांची जुडीच एकत्र उठली आणि कर्ण्यातून वाळक्या फांद्या मोडल्यासारखा कडकडाट झाला. वायरमननं वायर बदलली. तिसऱ्या वाचनाच्या वेळी त्यानं सरळ माईकला कान लावला, मग पुस्तकाला लावला, आणि ताठ होऊन, एकदाचा आळ फिटल्याच्या आनंदात मोठ्यानं म्हणाला, "पाळकसाहेब, दोष माईकमध्ये नाही! पुस्तकात आहे. पानं चिकटलीत. कुणी उघडलेलीच नाहीत!"

मास्तर हळूच मागे वळले. डॉक्टरीणबाईही वळल्या. त्या दोघांनीच काय, निम्म्या चर्चनं कधी ना कधी बाइंडरकडे सोनेरी काम करून घेतलं होतं, आणि प्रत्येकाला ते उगारलेलं बोट आठवत होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं बाइंडरला वाटलं.

लपायला जागा नव्हती, म्हणून त्यानं शेजारी बायकोकडे पाहिलं. तिचे रिकामे हात मांडीवर होते. तिचे ओठ हलत होते. पाळकसाहेब वाचत होते तेच ती पुटपुटत होती, आणि नीट पाहिलं तर त्यांच्या अर्धा शब्द पुढेच होती. मोठं अक्षर, चष्मा, उजेड, तिला कशाची गरज नव्हती. बाइंडरला लाज वाटली. चार लोकांत फजिती झाली की वाटते ती नव्हे, ती तर मघाशीच वाटून झाली होती. ही निराळी होती, आणि जास्त खोल गेली.

उपासना संपत आली. पाळकसाहेबांनी त्याचं नाव वाचलं. "कुणाचा आक्षेप?"

शांतता.

"कुणाचा आक्षेप?"

मास्तर छताकडे बघत होते. डॉक्टरीणबाई पर्सची चेन लावत होत्या. त्यांची पुस्तकं जेवणाच्या ताटावर उघडी पाडणारा हा माणूस, आणि त्याला सगळे सांभाळून घेत होते. बाइंडरला ते सहन होईना.

"कुणाचा..."

"माझा आहे," बाइंडर उठून उभा राहिला.

पाळकसाहेबांनी चमकून पाहिलं. "कुणाच्या नावाला?"

"त्या बाइंडरच्या."

"कारण?"

"कारण काय सांगू, पाळकसाहेब? सगळ्यांनी माईकवर ऐकलंय."

आधी वायरमन हसला, मग मास्तर, मग सगळं चर्च. पाळकसाहेबांनी हसू आवरलं आणि शास्त्र दोन्ही हातांनी परत दिलं. "आक्षेप मान्य. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू. तोवर रोज थोडी थोडी पानं मोकळी करा, बाइंडरसाहेब. हलक्या हातानं. ते काम मालकाचं."

दोघं घरी आली. जेवण झाल्यावर बाइंडर मिठाच्या बरणीपाशी गेला, नाडीचा गठ्ठा उचलला आणि पुढच्या खोलीतल्या कामाच्या टेबलावर आणून ठेवला. नाडी सोडताच पुस्तक आपोआप एका जागी उघडलं. सहनशीलतेबद्दलचा अध्याय होता. त्याच्या समासात पेन्सिलीनं बारीक तारखा लिहिलेल्या होत्या, एकीखाली एक. समास पुरला नव्हता म्हणून पुढे खालच्या कोऱ्या जागेतही.

त्यानं एक तारीख ओळखली. त्या दिवशी त्यानं ताट सरकवून दिलं होतं. दुसरीही ओळखली. तिच्या भावासमोर तो तिला नको ते बोलला होता. तिसरी त्यानं वाचलीच नाही.

"हे काय आहे गं?" त्यानं हाक मारून विचारलं.

ती हात पुसत दारात आली. "काही नाही. त्या त्या दिवशी तो अध्याय मुद्दाम वाचावा लागला."

"बरेच दिवस दिसतायत."

"संसारही बराच झालाय की."

सगळ्यात खालची तारीख आजची होती.

"आजचीसुद्धा?"

"सकाळची आहे ती. चपला घालायच्या आधीची."

बाइंडरनं मान खाली घातली. कडा छाटायची सुरी हातात घेत त्यानं विचारलं, "आणि चर्चनंतरची?"

"चर्चनंतर नाही लागला वाचायला," ती म्हणाली. मग टेबलाजवळ येऊन तिनं त्याच्या हातातली सुरी बाजूला ठेवली. "बांधा, पण कडा कापू नका हं. तारखा जातील."

"नाही कापणार."

ती आत गेली. त्यानं तिच्या पुस्तकाची पाठ साफ केली, दोरा भरला, संध्याकाळपर्यंत खाली मान घालून शिलाई केली आणि पुस्तक वजनाखाली ठेवलं. मग हात धुतले, आपलं लाल शास्त्र पुढ्यात घेतलं, अगदी सुरुवातीला उघडलं आणि दोन बोटांनी पहिलं पान सोडवलं.

कर्रर्र.

"माईक बिघडला वाटतं," आतून बायको म्हणाली.