खंड दोन, पान सत्त्याऐंशी

"काका, खुर्ची इकडे ओढून घ्या, तिथे छप्पर गळतं," रेकॉर्डकीपर बाई म्हणाल्या आणि मला हसू आलं. छप्पर कुठे गळतं हे त्या मला सांगत होत्या! दप्तरखान्याच्या याच छपराखाली मी कारकून म्हणून एकतीस वर्षं काढली. फरक एवढाच, की तेव्हा मी टेबलाच्या आतल्या बाजूला असायचो आणि समोर कोणीतरी अर्ज घेऊन ताटकळत उभं असायचं. आता अर्ज माझा होता, आणि आठवडाभर रोज सकाळी येऊन ताटकळत होतो तोही मीच.

अर्जाचा विषय एका ओळीचा होता. आमच्या टेकडीवर पहिला नांगर घालणाऱ्या सात जणांपैकी सातव्याचं नाव मिळावं.

हे खूळ माझं नव्हे, ताईचं. ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घालण्यापासून नोकरीचा अर्ज लिहून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा तिच्यापुढे माझी मान वर होत नाही, आणि ती करावी असं मला वाटतही नाही. तर गावाने ठरवलं, की टेकडीच्या माथ्यावर एक दगड उभा करायचा आणि ज्यांनी ते खडकाळ माळरान पहिल्यांदा शेतीखाली आणलं त्या सात जणांची नावं त्यावर कोरायची. ठरायचा अवकाश, अकरा घरं पुढे आली. भांडणं टाळायला समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी, नियम केला: दप्तरी नोंद दाखवा, तरच नाव. सहा घरांनी नोंदी दाखवल्या. पाथरवटाला नावांची यादी सोमवारी द्यायची होती.

आमच्या मूळपुरुषाचं आम्हाला सगळं माहीत होतं, नाव सोडून. तो एक बैलजोडी आणि एक पहार घेऊन आला. पहिली दोन वर्षं त्याने एक दाणा पेरला नाही, नुसते दगड उपटले. त्या दगडांचा बांध शेताच्या वरच्या अंगाला अजून छातीइतका उभा आहे आणि आम्ही त्याला थोरल्यांचा बांध म्हणतो. पण थोरल्यांना नावाने हाक मारायची कोणाची टाप होती? मुलं थोरले म्हणाली, सुना थोरले म्हणाल्या, नातवंडांनी तेच उचललं, आणि वापरात नसलेलं नाव विसरलं गेलं. ताईने लहानपणी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, थोरले म्हणजे थोरले. हे उत्तर तिला तेव्हाही पटलं नव्हतं.

"दगडावर काय कोरायचं, थोरले?" ती मला म्हणाली. "जन्मभर तू लोकांचे बापजादे शोधून दिलेस. मी डोळे मिटायच्या आत आपला एक शोधून दे."

मला ते अवघड वाटलं नव्हतं. पहिल्या वहिवाटीची नोंदवही तीन खंडांत आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पहिल्या खंडात सहा घरं सापडली. तिसऱ्यात आमचे पणजोबा सापडले, वळणदार अक्षरात, शेताच्या चारी सीमांसकट. थोरले म्हणजे त्यांचे वडील. मी बोट पुढच्या रकान्यात नेलं. तिथे लिहिलं होतं, 'बाप मयत. नावासाठी पाहा खंड दोन, पान सत्त्याऐंशी.'

या कारकुनी काटकसरीला काय म्हणावं! चार अक्षरांचं नाव पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून त्या कारकुनाने त्याहून लांब वाक्य लिहिलं. पण हसलो नाही, कारण असली वाक्यं मीही शेकड्यांनी लिहिली आहेत. एक नोंद दोनदा करायची नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं.

दुसरा खंड फडताळात नव्हता. बाईंनी दोन दिवस सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या, वाळवीची औषधं ठेवतात तो कोपरासुद्धा सोडला नाही. शेवटी मीच तोऱ्यात म्हणालो, की अहो, नष्ट दप्तरांची यादी काढा. कुठल्या गाढवाने तो खंड रद्दीत घातला ते तरी कळेल. एकतीस वर्षांचा अनुभव दाखवायची अशी संधी निवृत्त माणसाला रोज मिळत नाही.

बाईंनी यादी आणली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. मी नाकावर चष्मा चढवला. अनुक्रमांक एकोणतीस: 'नोंदवही एक. पुठ्ठा व नावाचे पान वाळवीने गेलेले, खंड क्रमांक कळत नाही. एकूण पाने दोनशे बारा. लाल दोऱ्याची शिवण. वर्ग क. नष्ट.' पहिला आणि तिसरा खंड माझ्यासमोरच पडले होते. दोन्हींना लाल दोऱ्याची शिवण होती, आणि दोन्हींच्या शेवटच्या पानावर दोनशे बारा हा आकडा होता. मग मी खालची सही पाहिली. सही पाहायची खरं तर गरज नव्हती. अक्षर माझंच होतं.

नोकरीचं तिसरं वर्ष असावं. पावसाने मागची खोली भिजली होती, आणि वरून हुकूम आला होता की महिनाअखेर फडताळं रिकामी करा. नियम असा, की ज्या वहीवर पुठ्ठा नाही, क्रमांक नाही, तिला वर्ग लावता येत नाही, आणि वर्ग नसलेली वही क वर्गात धरायची. क वर्ग म्हणजे कागदाच्या लगद्याच्या कारखान्याची गाडी. मी नवा होतो, हुशार म्हणवून घ्यायची हौस होती, म्हणून प्रत्येक वहीचं वर्णन मोठ्या निगुतीने लिहिलं. पाने मोजली, दोरा पाहिला. आत काय लिहिलंय ते वाचलं नाही. साहेबांनी माझ्या यादीचं चारचौघांत कौतुक केलं होतं, तेही मला आठवलं.

मी सहीवर बोट ठेवलं. बाई समजल्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, की दाखल्यात मी नेहमीसारखं 'नोंद आढळून येत नाही' एवढंच लिहिते, बाकीचं कोण बघतंय. हे वाक्यही मी आयुष्यभर लोकांच्या हातात ठेवलं होतं. तो कागद घेऊन माणसं कशी जिना उतरत असतील, याचा मी कधी विचार केला नव्हता.

"नाही, बाई," मी म्हणालो. "नष्ट केली असं लिहा. यादीचा क्रमांक घाला. सही कोणाची तेही घाला."

त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी दाखला दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, तुमचा शब्द गावात दप्तरापेक्षा वर आहे. तुम्ही एक नाव सांगा, मी यादीत घालतो. त्या काळची नावं काय, पाच-सहाच असायची. माणूस भला, आणि सुचवलं ते प्रेमानेच. खरं सांगतो, मी नको म्हणालो, तरी घराकडे येताना दोन-तीन नावं मनात म्हणून पाहिली. त्यातलं एक तर इतकं शोभत होतं, की आणखी दोन गल्ल्या चाललो असतो तर मीच ते खरं मानलं असतं.

ताई शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. माझं संपल्यावर तिने हातातली शेंग परातीत टाकली.

"वाचलीसुद्धा नाहीस?"

"नाही."

"पान तरी उलटलं असतंस एखादं."

"उलटली, ताई. मोजायला."

तिने परात बाजूला सारली. "आणि ती तुझी यादी? ती कधी जाणार रद्दीत?"

"ती जात नाही," मी म्हणालो. "काय नष्ट केलं याची यादी कायम ठेवायची असते."

"म्हणजे त्यांचं नाव गेलं आणि तुझी सही राहणार."

मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. ताई उठली, परात आत घेऊन गेली, आणि पुढचे नऊ दिवस तिने माझ्याशी जेवायला ये, दार लाव, यापलीकडे शब्द काढला नाही. माझी बायको आम्हा दोघांत निरोप पोचवून वैतागली. ती म्हणाली, थोरल्यांनी दोन वर्षांत डोंगर हलवला, तुम्हा दोघांना एक अबोला हलवता येईना.

दहाव्या दिवशी ताई चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, दगड बसवलाय म्हणे, चल. टेकडी चढताना ती चार ठिकाणी थांबली. आधाराला माझा हात मात्र घेतला. तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

दगड चांगला होता, काळा, पुढून घोटलेला. ताईने मोठ्याने नावं वाचली, एकामागून एक, सहाही. सहाव्याच्या खाली हेडमास्तरांनी आपल्या अखत्यारीत दोन शब्द कोरून घेतले होते: 'व इतर'.

"हे आपले का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिने काठी माझ्याकडे दिली. कोरीव अक्षरांत दगडाची भुकटी अजून तशीच बसली होती. तिने कमरेचा रुमाल काढला, त्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि त्या दोन शब्दांची एकेक रेघ कोरून कोरून स्वच्छ केली. वरच्या सहा नावांना तिने हात लावला नाही.