चढ आहे, खुशाल या

गादीवाल्याला यातून मिळायचं होतं काय, तर नावापुढे एक निळं पाऊल. प्रवाशांच्या त्या संकेतस्थळावर लोक प्रश्न टाकत, गावोगावचे हौशी उत्तरं देत, आणि महिनाभरात ज्याला सगळ्यात जास्त आभार मिळतील त्याला ते पाऊल. पैसा नाही, सवलत नाही, साधा चहासुद्धा नाही. पण गेल्या महिन्यात ते सासऱ्यांनी पटकावलं होतं. सासरे लेकीकडेच, म्हणजे गादीवाल्याच्याच घरी राहत, आणि जेवताना मोबाईल मुद्दाम ताटाशेजारी उताणा ठेवत.

त्यामुळे कुण्या बाईंनी विचारलं, ‘आईला चाकाच्या खुर्चीतून दीपगृहाच्या चौथऱ्यावर नेता येईल का? पायऱ्या असतील तर येत नाही,’ तेव्हा गादीवाल्याने गिऱ्हाईक तसंच ताटकळत ठेवून उत्तर ठोकलं: ‘मागच्या फाटकातून चढ आहे. खुशाल या.’ सासऱ्यांच्या आधी! बाईंचे आभारही लगेच आले. शनिवारी निघून रविवारी सकाळी पोचणार होत्या.

शनिवारी रात्री जेवताना सासरे म्हणाले, “जावईबापू, चढ कसला? शेवटी पायऱ्या आहेत तिथे.”

“छे हो बाबा! रखवालदाराची गादी मी स्वतः पोचवलीय. सरळ सरकत गेली वर.”

“गादी कशावरूनही सरकते,” बायको म्हणाली. “म्हातारी सरकेल का?”

गादीवाल्याचा घास तोंडातच राहिला. मागून ढकलताना त्याला गादीखेरीज दिसलं होतं काय? उष्ट्या हातानेच त्याने संकेतस्थळावर सगळ्यांसमक्ष लिहून टाकलं, ‘माझं चुकलं, पायऱ्या आहेत.’ उत्तर नाही. मायलेकी वाटेत होत्या.

“बाबा, तुम्हीही लिहा ना त्याखाली,” बायकोने चिमटा काढला. “आयते आभार पदरात पडतील.”

सासऱ्यांनी मोबाईल उचलला, जावयाचं तोंड पाहिलं आणि मोबाईल खिशात टाकला. “पलंगाची फळी आहे ना रे दुकानात?”

सकाळी रखवालदाराने जांभया देत फाटक उघडलं. सासरे-जावयांनी पायऱ्यांवर फळी टाकली, तिच्यावर नाचून पाहिलं, तोवर गाडी आलीच. लेक धिप्पाड, आई एवढीशी. पण आवाज आईचा मोठा.

“तुम्ही इथलेच ना?” पायऱ्या बघून लेक भडकलीच होती. “त्या ‘मऊ प्रवास’ने चढ आहे म्हणून सांगितलं मला! सापडू दे, याच फळीवर निजवते त्याला. बिनगादीचा.”

‘मऊ प्रवास’ हे टोपणनाव गादीवाल्याने मोठ्या हौसेने घेतलेलं. तो खाली वाकून नसलेला खडा शोधू लागला.

“महाबिलंदर माणूस,” सासरे गंभीरपणे म्हणाले. “आमच्या चांगल्या ओळखीतला आहे.”

“ढकला की रे!” आजी ओरडल्या. “न्याहारी केली नाहीत का?”

फळी कुरकुरली, सासरे कण्हले, पण खुर्ची वर पोचली. वाऱ्याने आजींचे केस पार विस्कटले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. “ती होडी कुठे चाललीय रे?”

झालं! गप्प राहायचं ठरवून आलेला गादीवाला सुरू झाला: होडी कुठली, परत कधी येते, कोणत्या धक्क्यावर सावली असते. “चूक,” सासरे म्हणाले, “सावली पलीकडच्या धक्क्यावर.” दोघांची अशी जुंपली की आजी या तोंडाकडून त्या तोंडाकडे मान वळवत खुदुखुदु हसायला लागल्या.

लेकीने डोळे बारीक केले. “‘मऊ प्रवास’ तुम्हीच ना?”

गादीवाल्याने कान पकडले.

“असू दे गं,” आजी म्हणाल्या. “त्याने खरं सांगितलं असतं तर तू मला आणलं असतंस?”

लेकीने आईच्या अंगावरची शाल उगाच सारखी केली.

निळं पाऊल त्या महिन्यात तिसऱ्याच कुणाला गेलं. गाडी कुठे लावायची एवढंच सांगत असे तो. लेकीने संकेतस्थळावर भरभरून कौतुक लिहिलं ते रखवालदाराचं, कारण खरं नाव तिला फक्त त्याचंच ठाऊक, फाटकावर लिहिलेलं. गादीवाल्याने आपल्या उत्तरात भर घातली: ‘आधी कळवा. फळी आमची, ढकलायला दोन माणसं हजर.’ दुसऱ्या माणसाला विचारायचं मात्र राहिलं. लोक कळवून येत राहिले, आणि आता फळीला चीर पडली ती जावयाची, कंबर धरली ती सासऱ्यांची. आणि ती कंबर शेकत बसायची पाळी आली बायकोवर, जिने त्या संकेतस्थळावर जन्मात एक अक्षर लिहिलं नव्हतं.