अभ्यास संपल्याची तारीख

"मावशी, तीनच वाक्यं बोलायचीत," वायसन म्हणाला. "आधी किती त्रास व्हायचा, पंप मिळाल्यावर कसं बरं वाटलं, आणि सगळ्यांचे आभार. मग खाली बसायचं."

"आणि आता कसं वाटतंय, ते?"

वायसनने हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर चौथं वाक्य नव्हतं.

एनिफाने समोर पाहिलं. ब्लांटायरच्या न्दिरांदे वस्तीतल्या चर्चच्या सभागृहात समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा फलक टांगला होता, आणि त्यावर तिचाच चेहरा होता. यंत्राच्या नळीत फुंकणारी एनिफा, गाल फुगलेले, डोळे हसरे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मोकळा श्वास’. फोटो दीड वर्षापूर्वीचा. आज घरून सभागृहापर्यंत सगळा उतार, तरी ती वाटेत दोनदा थांबली होती.

एकोणीस वर्षं ती बाजारामागच्या मक्याच्या गिरणीत कामाला होती. पापण्या, कान, नाकपुड्या, सगळीकडे पीठ. छाती भरून यायला लागली ती तिशी ओलांडल्यावर. सरकारी दवाखान्यात पांढऱ्या गोळ्या मिळत. घेतल्या की हात थरथरत आणि छाती होती तिथेच. फारच झालं तर दंडात सुई. नाहीतर उशा पाठीला लावून बसून राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. आडवं होऊन झोपता येतं, हेच ती विसरून गेली होती.

मग दम्याचा अभ्यास करणारे लोक आले. कुणाला तोंडाने ओढायच्या औषधाचा जुना निळा पंप द्यायचा, कुणाला नवा, आणि वर्षभर बघायचं कोण किती आजारी पडतं. गिरणीतून दोघांची नावं एकाच दिवशी लागली. एनिफाचा नंबर शेहेचाळीस, फेस्टनचा सत्तेचाळीस. फेस्टन पोती उचलायचा. दोघांच्याही वाट्याला नवा पंप आला, छातीच्या आतली सूज कमी करणारा.

ते एक वर्ष तिने माणसासारखं काढलं. गिरणीचा एक दिवस चुकला नाही. मुलीच्या लग्नात ती नाचली. आणि फेस्टन पोतं खांद्यावर घेऊन शीळ घालायला लागला. शीळ इतकी बेसूर असायची की दळणाला आलेल्या बायका म्हणायच्या, "याच्या छातीतली जुनी शिट्टी बरी होती रे बाबा." तो आणखी जोरात घालायचा.

तीस जूनला अभ्यास संपला. अभ्यासवाल्यांकडे कामाला असलेला वायसन पिशवी घेऊन गिरणीत आला आणि पंप परत घेऊन गेला.

"अर्धा भरलेला आहे रे हा," फेस्टन म्हणाला होता.

"माहितीये, काका. पण एकूण एक परत न्यावा लागतो. नियमच तसा आहे."

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी भरदुपारी फेस्टन गिरणीच्या दारात खाली बसला आणि उठला नाही. दवाखान्यात अधूनमधून येणारे निळे पंपही महिनाभरापूर्वीच संपले होते. त्याचं डोकं एनिफाच्या मांडीवर होतं. ओठांवरचं पीठ ती पुसत होती आणि त्याखालचा रंग निळा होत चालला होता.

सभागृहात आता अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर मलुंगा निकाल सांगत होत्या. ब्लांटायरच्याच, इथल्याच भाषेत वाढलेल्या बाई. पहिल्या रांगेत पैसा पुरवणारे परदेशी पाहुणे बसले होते, त्यांच्या कानाशी दुभाषा. भिंतीवर चित्रं उमटत होती.

"नव्या पंपाच्या गटात झटके निम्म्यावर आले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि वर्षभरात या गटात एकही मृत्यू झाला नाही."

टाळ्या पडल्या. एनिफाच्या शेजारच्या बाईनेही वाजवल्या. एनिफाने मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. वाजवायला नाही, तर काहीतरी फेकून मारायला ते उठतील, असं तिला वाटत होतं.

तिचं नाव पुकारलं. ती पुढे जाऊन उभी राहिली. पहिलं वाक्य बोलली, दुसरं बोलली. मग थांबून दम घेतला. ध्वनिक्षेपकातून तिच्या छातीचं घरघरणं सगळ्यांना ऐकू आलं.

"तिसरं वाक्य आभाराचं आहे," ती म्हणाली. "ते राहू दे. आधी मला सांगा, सत्तेचाळीस नंबर कुठाय?"

वायसनने मान खाली घातली.

"फेस्टनचं कळलं मला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फार वाईट वाटलं, एनिफा. पण अभ्यास तीस जूनला संपला. त्यानंतरचं आम्हाला त्यात धरता येत नाही."

"पंप तुम्ही नेलेत ना?"

"नेले."

"अर्धे भरलेले."

"आणखी वर्षभर द्या, असं मी लिहून मागितलं होतं. मिळाले नाहीत. सरकारी औषधांच्या यादीत यावेत म्हणून अर्ज केलाय. त्याला वेळ लागतो."

"लागू दे की. तोवर आम्ही श्वास रोखून बसतो."

मागून दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

"वायसन," एनिफा त्याच्याकडे वळली, "सही घेताना मला जे वाचून दाखवलंस, ते बोल बरं. बाहेर पडण्याबद्दलचं."

वायसनने डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग एनिफाकडे. मग त्याने खणखणीत आवाजात म्हटलं, "सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी, कारण न सांगता, अभ्यासातून बाहेर पडू शकते."

"मी पडले बाहेर. माझं फुंकणं काढा, माझं रक्त काढा, हा भिंतीवरचा फोटो काढा."

"आता आकडे कसे काढणार, एनिफा? अभ्यास संपलाय."

"म्हणजे मेलेल्याला आत यायचं तर अभ्यास संपला. जिवंत बाईला बाहेर जायचं तरी अभ्यास संपला. मग तो चालू होता तरी कुणासाठी?"

दुभाष्याने हे पाहुण्यांना सांगितलं की नाही, कोण जाणे. तो थांबून राहिल्यासारखा दिसत होता. एनिफाला खोकल्याची उबळ आली. टेबलाची कड धरून ती वाकली, पण जागची हलली नाही.

"फोटो काढता येईल," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

वायसन खुर्चीवर चढला. एका बाजूची दोरी सुटली तसा फलक तिरका लोंबला. मग दुसरी सुटली. पाहुण्यांपैकी एकाने चुकून टाळी वाजवली आणि हात खाली घेतला. तिसरं वाक्य न बोलताच एनिफा मधल्या वाटेने बाहेर पडली.

दारापाशी भात-कोंबडीचे डबे रचून ठेवले होते. वायसन दोन डबे घेऊन तिच्यामागे धावत आला.

"उद्या मी कामावर असेन की नाही, देव जाणे," तो म्हणाला.

तिला त्याचाही राग आला होता. पंप नेले तेव्हा पिशवी त्याच्याच हातात होती. पण डबे तिने घेतले.

"मोठ्याने बोललास, ते बरं केलंस," ती म्हणाली आणि चालू लागली.

फेस्टनचं घर जवळच होतं. त्याच्या बायकोला, मलिताला, सभेचं बोलावणं नव्हतं. ती अंगणात चटईवर बसून सुपात घेवड्याचे दाणे निवडत होती. एनिफा पायरीवर टेकली आणि धापा टाकू लागली. मलिताने उठून पाणी आणलं आणि पाठीवर हात ठेवला, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध, जरासा खाली. दाबायचं कुठे, हे तिच्या हाताला बरोबर ठाऊक होतं.

श्वास जरा खाली बसल्यावर मलिता म्हणाली, "काय म्हणाले?"

"म्हणाले, औषध चांगलं होतं."

मलिताने मान हलवली. एक डबा उघडून तिने कोंबडीचे तुकडे मुलांसाठी ताटलीत काढले, वर दुसरी ताटली पालथी घातली, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढून ती घेवड्यातले खडे वेचू लागली.