समुद्राकडे वळणारी खुर्ची

मित्रांनो, माझ्यापुढे दोरी बांधली आहे, तेव्हा लांबूनच ऐका. मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. समुद्रकाठच्या एका मोठ्या घरात, वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी माझी जागा आहे. सुट्टीत पाहुणे आधी खालची बाग बघतात, मग पायांची वाळू झटकून वर येतात आणि माझे फोटो काढतात.

एका सुताराने मला शिसवी लाकडातून घडवलं, बैठक वेताची विणली. तेव्हा या घरात एक जोडपं आणि मालकांची बहीण राहत होती. मालकांना झाडांचं भारी वेड. खाऱ्या वाऱ्यात गुलाब टिकत नाहीत असं सगळे म्हणत. त्यांनी उंच भिंत बांधून तिच्या आडोशाला ते फुलवून दाखवले. बाई माझ्यात शिवण घेऊन बसायच्या आणि खिडकीतूनच त्यांची थट्टा करायच्या.

एके दिवशी मालक रोपं आणायला होडीने पलीकडच्या बेटावर गेले. ती होडी काही परत आली नाही.

तेव्हापासून बाई माझ्यात बसून समुद्र बघू लागल्या. नणंद जिन्यातून हाक मारी, "वहिनी, जेवायला चला."

"तुम्ही व्हा पुढे. मी बसते जरा."

मग ताट वर येऊ लागलं. मग हाक यायची थांबली. नणंदेने वैतागून मला भिंतीकडे वळवलं. बाईंनी मुकाट्याने मला पुन्हा खिडकीकडे फिरवलं. अशी वर्षं गेली. एका सकाळी मी झुलायची थांबले. बाई माझ्यातच होत्या, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत.

पुढे हे घर लोकांना बघायला खुलं झालं. फोटो चांगले यावेत म्हणून घर दाखवणारे काका रोज मला दाराकडे वळवून ठेवायचे. पण सकाळी माझं तोंड पुन्हा समुद्राकडे असायचं.

"मावशी, खुर्ची कशाला फिरवता?" त्यांनी एकदा झाडणाऱ्या मावशींना विचारलं.

"मी नाही बाई हात लावत तिला. झाडूसुद्धा लांबूनच फिरवते."

 उजेड मावळू लागला की माझ्यावर एक ओळखीचा भार यायचा. माझे हात ओलसर व्हायचे, खारट व्हायचे. मी हळूहळू झुलू लागायचे.

गेल्या सुट्टीत दोघी बहिणी आल्या. धाकटी काकांना हळूच सांगत होती, "ताईच्या यजमानांनीच ठरवली होती ही सहल. तिकिटं काढली आणि महिन्याभरात गेले." तेवढ्यात थोरली दोरी ओलांडून आली. तिने मला खिडकीकडे वळवलं आणि ती बसली. काकांनी तिला बसू दिलं.

"तू बाग बघून ये," ती बहिणीला म्हणाली. "मी बसते जरा."

मित्रांनो, बाई असंच म्हणायच्या. तेच शब्द, तोच सूर. धाकटी बाग बघून परत आली, तोवर समुद्र काळवंडला होता आणि माझ्यावर थोरलीसोबत तो ओळखीचा भारही होता.

"ताई, चल ना. बंद करतायत."

"तू हो पुढे."

काका दारात किल्ल्या धरून उभे होते. धाकटी खाली गेली नाही. जवळ येऊन तिने पुन्हा हाक मारली, "ताई."

तेव्हा माझा वेत एकदम फाटला. थोरली धडपडली, धाकटीने तिला हात धरून वर ओढलं. ती तिच्या खांद्यावर डोकं टेकून खूप वेळ रडली.

"मला कुणीतरी ढकललं गं," ती म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "भूक लागलीय."

माझा वेत जुना होता, पण कुजलेला नव्हता. आणि तो मी फाडला नाही.

आता माझ्यात कुणाला बसता येत नाही. संध्याकाळी भार येत नाही. काकांनी मला समुद्राकडेच तोंड करून ठेवलं आहे. जमलं तर माझं लाकूड वाळवीपासून जपा. पण तुमच्या घरी कुणी खिडकीशी फार वेळ बसून राहत असेल, तर आधी त्यांच्याकडे बघा. हाक मारा. नाही आले, तर ताट वर पाठवू नका. स्वतः वर जा आणि पुन्हा हाक मारा.