जूनीच्या गळ्यातली गोळी

होबार्ट स्पोनागलच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं खोरं लोटलं होतं. पोरं कुंपणावर चढून बसली होती, म्हातारे सरपणाच्या ओंडक्यांवर, बाया शाली आवळून गोठ्याच्या भिंतीला टेकलेल्या. मधोमध चूल, चुलीवर बिडाचं भांडं, भांड्यात वितळलेलं शिसं. आणि त्याच्या पलीकडे काळ्या कोटातले फिरते धर्मोपदेशक ब्रदर कोय, बाह्या वर सारून, डोळे आभाळाला लावून.

"बघा, भावांनो!" त्यांनी मूठभर गोळ्या उंच धरल्या. "या गोळ्या आहेत, का सैतानाचं थोबाड?"

गोळ्या खरंच भेसूर होत्या. होबार्टनं स्वतःच्या हातानं ओतलेल्या. एखादीच्या अंगावर म्हाताऱ्या कातडीसारख्या सुरकुत्या, एखादीची कड बोथट, एखादीच्या पोटात भोक. हरणांचा हंगाम तोंडावर आलेला, हिवाळ्याचं मांस त्याच बंदुकीच्या भरवशावर, आणि गोळी समोरच्या झाडालाही धड लागेना.

"बंदूक बांधलीय तुझी, होबार्ट. करणी आहे ही." ब्रदर कोयनी आवाज खाली आणला, तसे सगळे पुढं झुकले. "आणि जिनं बंदूक बांधली ना, तिनंच तुझ्या लेकीच्या पोटात गाठ मारलीय."

होबार्टच्या बायकोनं, डेल्फानं, कडेवरच्या लेकीला घट्ट धरलं. जूनी चार वर्षांची. पानगळ सुरू होईपर्यंत हे पोर दिवसभर घर डोक्यावर घ्यायचं. बापाच्या खांद्यावर बसून गायचं:

एक अस्वल डोंगरावर,
दोन बदकं पाण्यावर,
तीन कोंबड्या कुंपणावर,
आणि जूनी बाबाच्या खांद्यावर!

आता ती गात नव्हती. पोट धरून रडायची, ओकायची, भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसायची. गालांवरचा रंग उतरला होता. आईच्या मानेवर तिचं डोकं ओल्या फडक्यासारखं पडलं होतं.

ब्रदर कोयनी मेणबत्ती काढली. ही मेणबत्ती मोठी भाग्यवान. डोंगराच्या अलीकडे ती जेरुसलेमहून आलेली असे, पलीकडे गेली की कुणा मरत्या संताच्या उशाची होई. तिच्या धुरावर त्यांनी गोळ्यांचा साचा काळा केला, साचा भांड्याच्या काठावर टेकवून ठेवला आणि प्रवचनाला सुरुवात केली. बायबलातल्या नोहापासून निघाले, ते योनाला माशाच्या पोटात घालून बाहेर काढलं तेव्हा कुठं थांबले. मग मेणाचा एक तुकडा मोडून त्यांनी शिशात टाकला.

भप्पकन जाळ उठला. बाया किंचाळल्या. ब्रदर कोय पळीनं ढवळू लागले. शिशावरची राखाडी साय आक्रसत गेली, काळ्या भुशासारखी कडेला जमली, आणि खालून आरशासारखा लख्ख पृष्ठभाग वर आला. त्यात आभाळ दिसत होतं.

"हालेलुया!"

त्यांनी साचा भरला, उघडला. पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्याच होत्या. "हा सैतानाचा वाटा," म्हणत त्यांनी त्या परत भांड्यात टाकल्या. त्यानंतर मात्र एकेक गोळी अशी पडू लागली की बघत राहावं. कडा धारदार, अंग चांदीचं. होबार्ट गुडघ्यावर बसला. 

त्यातलीच एक गोळी ब्रदर कोयनी टोच्यानं भोकली, चामड्याच्या वादीत ओवली आणि जूनीच्या गळ्यात बांधली. "ही काढायची नाही, बहिणी. झोपेतसुद्धा नाही. आणि त्या सरकारी नर्सला दारात उभं करायचं नाही. तिची औषधं आणि माझी प्रार्थना एका घरात नांदत नाहीत."

डेल्फाचं पाहून बाकीच्या आयाही आपापली पोरं पुढं करू लागल्या.

मग खरा खेळ सुरू झाला. चेटकीण कोण, ते शिसंच सांगणार होतं. एकेकानं यायचं, काठावर तापत ठेवलेली पळी उचलायची, शिशात बुडवायची आणि बाजूला व्हायचं. माणसं आली, गेली. शिसं निवांत. मग आयसी टीटरची पाळी आली. आयसी खोऱ्याच्या वरच्या अंगाला एकटी राहणारी म्हातारी विधवा. तिच्या गाईचं ताक सगळ्या खोऱ्यात जायचं. ब्रदर कोयच्या सभेला मात्र ती कधी फिरकली नव्हती.

"थांब, आजी," ब्रदर कोय गोड आवाजात म्हणाले. "तुझा हात आधी पवित्र पाण्यात धुऊ दे. पळीसुद्धा."

आयसी हसली. "धुवा की. सकाळीच गाय पिळलीय, हात तसेही मळलेत."

त्यांनी बादलीत तिचा हात बुडवला, पळी बुडवली आणि तीच निथळती पळी तिच्या हातात दिली. आयसीनं ती शिशात घातली.

बंदुकीसारखा बार झाला. शिसं कारंज्यासारखं उसळलं. गरम थेंब चुलीवर, गवतावर, कोटांवर उडाले. आयसीच्या मनगटापासून कोपरापर्यंत चांदीचा ओघळ चिकटला होता. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती त्या हाताकडे बघत राहिली.

"पाहिलंत?" ब्रदर कोय गरजले. "शिसं खोटं बोलत नाही!"

"माझ्याकडून मीठ उसनं नेलं होतं तिनं, करणीसाठीच!" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या गाईकडं बघून म्हणाली होती, छान दिसतेय!"

ज्या बाया तिचं ताक पिऊन वाढल्या, त्यांनीच तिला वाट मोकळी करून दिली. शालीचं टोकही लागू नये इतकी मोकळी. जाता जाता ती डेल्फापाशी थांबली. "पोरीला जप गं," एवढंच म्हणाली.

ठरलं असं: येत्या रविवारी फळीवर आयसीचं तोंड कोळशानं काढायचं, होबार्टनं पवित्र गोळीनं ते फोडायचं. त्यानं जूनी बरी झाली तर ठीक. नाही झाली, तर पुरुषांनी मिळून आयसीच्या घरी जायचं. जाऊन काय करायचं, ते कुणी बोललं नाही. रॉकेलच्या डब्याकडं मात्र दोघातिघांनी बघितलं.

त्यानंतर जूनी सुधारली नाही. उलट तिची पावलं अडखळू लागली. सपाट जमिनीवर पडायची. डेल्फानं विचारलं, तर होबार्ट खेकसला, "रविवारपर्यंत दम धर! देवाला घाई करतेस?"

डेल्फाला आयसीचा हात डोळ्यासमोरून हलेना. शेवटी चरबीचं मलम घेऊन, जूनीला शालीत गुंडाळून ती वरच्या अंगाला गेली. दारात सरकारी जीप उभी. आत नर्सबाई हुल्डा प्रॉप्स्ट आयसीच्या हाताला पट्टी बांधत होत्या. डेल्फा उंबऱ्यातच अडखळली.

"ये आत," आयसी म्हणाली. "मी चेटकीण आहे, चावत नाही."

नर्सबाईंनी वर पाहिलंही नाही. "शिसं उडालं म्हणे. कसं काय उडालं?"

डेल्फानं सगळं सांगितलं. मेणबत्ती, पळी, पवित्र पाणी.

"पाण्यात बुडवलेली पळी? लगेच?"

"हो. निथळतच होती."

"तू कोंबडी तळतेस ना, डेल्फा?"

"तळते की."

"धुतलेली कोंबडी तशीच कढईत सोडतेस?"

"छे हो! आधी पुसून कोरडी करते. पाण्याचा थेंब राहिला तर तेल असं उडतं की..."

ती मध्येच थांबली. आयसीची पट्टी, तिच्या मांडीवरचं पातेलं, चुलीवरची किटली, सगळं तिला एकदम दिसू लागलं, डोळ्यांवरचं धुकं कुणी पुसल्यासारखं. "शिसं तेलापेक्षा कितीतरी गरम," ती हळूच म्हणाली.

"थेंबाची क्षणात वाफ होते. वाफेला जागा लागते. वर शिसं असतं, म्हणून ते उडतं. त्याला आयसी कळत नाही, ना ब्रदर कोय."

मग नर्सबाईंची नजर जूनीकडे गेली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, ओठ अंगठ्यानं वर केला. हिरड्यांच्या काठानं निळसर काळी रेघ होती, पेन्सिलनं ओढल्यासारखी. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा मिश्कीलपणा गेला.

"होबार्ट शिसं कुठं वितळवतो?"

"यंदा घरातच. माझ्या चुलीवर. बाहेर गारठा म्हणून. मोटारीच्या फुटक्या बॅटऱ्यांमधलं शिसं आणतो. वरची मळी मी झाडून टाकते. जूनी टेबलाखाली खेळत असते... थंड झालेल्या गोळ्यांशी."

नर्सबाईंनी वादी ओढून जूनीच्या गळ्यातली गोळी बाहेर काढली आणि उजेडात धरली. चांदीची चमक गेली होती. मऊ शिशावर जागोजाग बारीक खड्डे होते. दुधाच्या दातांचे.

"हिच्या पोटात गाठ कुणी मारली नाही, डेल्फा. तिच्या पोटात शिसं गेलंय. तुमच्या चुलीचं आधी गेलं, आणि आता ही गोळी ती दिवसरात्र चघळतेय. आत्ता शहरातल्या इस्पितळात नेली नाही तर झटके येतील. रविवारपर्यंत ती राहीलच, असं मी म्हणणार नाही."

डेल्फानं ती वादी तोडली. सुरी नव्हती, दातांनी तोडली आणि थुंकली.

जीप होबार्टच्या अंगणात शिरली तेव्हा चूल पेटलेलीच होती. ब्रदर कोय शेजाऱ्यांच्या पोरांसाठी गोळ्या ओतत होते, दहाबारा माणसं रांगेत.

"होबार्ट, जूनीला इस्पितळात न्यायचंय. चल," डेल्फा म्हणाली.

होबार्टनं जीपकडं पाहिलं, नर्सबाईंकडं पाहिलं. "तुला सांगितलं होतं मी!"

"रविवारच्या गोळीशिवाय हे पोर गावाबाहेर नेलं तर वाटेतच जाईल," ब्रदर कोय म्हणाले. "माझ्या शब्दावर विश्वास ठेव, भाऊ."

डेल्फानं शालीत गुंडाळलेल्या जूनीला गोठ्याआड निजवलं. तिनं चुलीपाशी जाऊन पळी उचलली, पवित्र पाण्याच्या बादलीत बुडवली आणि निथळती पळी ब्रदर कोयपुढं धरली.

"घाला शिशात."

"काय?"

"तुम्ही तर पवित्र. पाणी तुमचंच. शिसंही तुमचंच, ते खोटं बोलत नाही. घाला."

ब्रदर कोय हसले. मग हसू ओसरलं. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं.

"चेष्टा करू नकोस, बहिणी. देवाची परीक्षा घेऊ नये."

"आयसीआजीची घेतलीत की."

"घाला ना, ब्रदर," रांगेतला एक म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरोखरच बघायचं होतं. ब्रदर कोय आणखी एक पाऊल मागं सरले. तेवढं पुरलं. 

होबार्टनं डेल्फाच्या हातातून पळी घेतली. लांब काठीला बांधली, परत बादलीत बुडवली, सगळ्यांना गोठ्याआड ढकललं आणि स्वतः दाराच्या फळीमागून ती शिशात सोडली. बार झाला. शिसं उसळलं. जरा वेळानं त्यानं दुसरी पळी जाळावर वाळवली, तापवली, तशीच काठीनं बुडवली. शिसं निवांत राहिलं.

"आणि माझ्या गोळ्या?" त्याचा आवाज फाटला होता. "सुरकुतलेल्या?"

"साच्याला गंज चढू नये म्हणून तू तेल लावून ठेवतोस ना?" डेल्फा म्हणाली. "आणि थंडगार साच्यात ओततोस. थंड तव्यावर भाकरी तरी धड होते का? यांनी तेल धुरावर जाळलं, आणि नोहा-योना संपेपर्यंत साचा काठावर तापला. राहिलेला गारठा पहिल्या गोळ्यांत गेला, त्या सैतानाच्या वाट्यात. मळ वर आणला मेणानं. आपल्या फडताळातली मेणबत्ती टाक, तीही आणेल. बाकीचं मागाहून करून बघ, होबार्ट. आता पोर उचल!"

त्यानं पोर उचललं. जीपपर्यंत तो धावतच गेला. जूनीचं डोकं त्याच्या खांद्यावरून मागं लोंबत होतं.

ब्रदर कोय अंधार पडायच्या आत डोंगर ओलांडून गेले. मेणबत्ती घेऊन.

जूनी वाचली. इस्पितळात तिला झटके आले, सुया टोचल्या, हिवाळा तिकडंच गेला. बर्फ वितळल्यावर बापानं तिला घरी आणलं. त्यानं चूल, भांडं, साचा सगळं लांबच्या खोपटात नेलं होतं, आणि त्या कपड्यांनिशी तो घरात येत नसे. संध्याकाळी त्यानं तिला खांद्यावर घेतलं.

"एक अस्वल डोंगरावर," जूनी म्हणाली. "दोन बदकं पाण्यावर. तीन कोंबड्या..."

ती थांबली. होबार्ट वाट बघत राहिला. जूनी कुंपणाकडं बघत होती. कोंबड्या तिथंच बसल्या होत्या. शब्द काही येईना. तो शब्द तिला पुन्हा आलाच नाही. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं सगळंच परत येतं असं नाही.

त्याच आठवड्यात डेल्फा शाळेच्या खोलीत जमलेल्या बायांपुढं उभी राहिली. कोपऱ्यात आयसी बसली होती, हाताची कातडी आक्रसलेली, बोटं अर्धवट मिटलेली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. डेल्फा जूनीला घेऊन तिथंच बसणार होती.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडायच्या आधी एवढंच म्हणा, पळी मी देते, पाणी मी देते, आता कर. खरा असेल तर करील. आणि जो म्हणतो डॉक्टरकडं जाऊ नको, त्याला आपल्या पोरापेक्षा आपलं दुकान प्यारं आहे, हे ओळखा. आमची बंदूक कुणी बांधली नव्हती. माझं डोकं बांधलं होतं, आणि गाठ मीच मारू दिली."

 समोरच्या बाकावर एका आईच्या मांडीवर तान्हं पोर होतं. ते वादीला बांधलेलं काहीतरी तोंडात धरून चोखत होतं.

डेल्फानं हात पुढं केला.

"आधी ते काढ, बाई. देवाचं मग बोलू."